चलाच्या घातांचे अवयव
(वरच्या प्राथमिक वर्गांसाठी एक पाठ)

पाठाचा हेतू

अंकगणितात चांगली गती असलेला विद्यार्थी बीजगणिताच्या उंबरठ्यावर येऊन अडखळतो, हा अनुभव शिक्षकवर्गास नवा नाही. पाढे तोंडपाठ असणारा, बाजारहाटाचा हिशेब बोटांवर करणारा मुलगा ‘क्ष³ + क्ष² यांचे अवयव पाडा’ एवढे वाक्य फळ्यावर दिसताच मान खाली घालतो. याचा दोष अक्षराकडे दिला जातो. परंतु अडचणीचे मूळ बहुधा घातांकात असते. घातांक म्हणजे गुणाकाराचा संक्षेप, ही ओळख त्या मुलाला कधी झालेलीच नसते. अक्षराच्या डोक्यावर बसविलेला एक बारीक अंक, एवढ्याच रूपाने तो त्याला भेटलेला असतो. त्या अंकांची बेरीज करावयाची की वजाबाकी, हे तो आठवू लागतो, आणि आठवण चुकली की उत्तरही चुकते.

हा घटक लहान आहे. पण पुढील पुष्कळ गणित त्यावर उभे आहे. समीकरणे सोडविणे, बैजिक अपूर्णांकांना संक्षिप्त रूप देणे, संख्यांची विभाज्यता सिद्ध करणे, या सर्वांना अवयवांची गरज लागते. येथे पाया कच्चा राहिलेला मुलगा माध्यमिक शाळेत गेल्यावर गणिताला भिऊ लागतो, आणि ज्या शिक्षणास गणित लागते त्याचे दार त्याच्यापुरते मिटते. खेड्यातील ज्या मुलास घरी विचारण्यास कोणी नाही, त्याचे नुकसान सर्वांत मोठे. म्हणून हा पाठ घाईने उरकू नये. त्यास निदान तीन तासिका द्याव्यात.

पाठाचे सूत्र एकच आहे : घात उलगडून वाचावा, समान असेल ते बाहेर काढावे, आणि गुणाकार करून ताळा पाहावा. अवयव पाडणे म्हणजे गुणाकार उलट दिशेने वाचणे होय. हे ज्याच्या ध्यानी आले त्यास वेगळा नियम पाठ करावा लागत नाही.

पूर्वज्ञानाची चाचणी

पाठास आरंभ करण्यापूर्वी पुढील प्रश्न तोंडी विचारावेत.

१. २ × २ × २ × २ हे थोडक्यात कसे लिहाल?
२. १२ व १८ यांचा मसावि किती?
३. ७ × ५ + ७ × ३ ही किंमत एकाच गुणाकाराने काढता येईल काय?
४. एकं, दहं, शतं, सहस्र यांत प्रत्येक स्थान मागच्या स्थानाच्या किती पट असते?

तिसऱ्या प्रश्नावर विशेष थांबावे. पाच साते पस्तीस आणि तीन साते एकवीस मिळून छप्पन्न. तसेच आठ साते छप्पन्न. पाच साते आणि तीन साते मिळून आठ साते होतात, हे मुले सहज सांगतात. या पाठात त्याहून निराळे काही करावयाचे नाही. केवळ सातांच्या जागी अक्षर येणार आहे. हा प्रश्न ज्यांना सुटत नाही त्यांच्यासाठी एक तासिका अंकगणितातच घालवावी. ती वाया जात नाही.

अक्षराविषयीही एक शब्द सांगावा. येथे चलासाठी ‘क्ष’ हे अक्षर घेतले आहे. छापील पाठ्यपुस्तकांत रोमन अक्षरे येतात. अक्षर कोणतेही असो, ते एका संख्येची जागा धरून बसलेले असते, हे मुलांच्या मनावर ठसले पाहिजे.

साहित्य

मातीचे किंवा लाकडाचे सारख्या आकाराचे २७ घनाकृती ठोकळे, मूठभर चिंचोके, चौकटीचा कागद व रंगीत खडू. ठोकळे विकत घेण्याचे कारण नाही. कार्यानुभवाच्या तासाला मुले ते मातीचे करून उन्हात वाळवू शकतात.

पहिली पायरी : घात उलगडणे

आपल्या जिल्ह्यातील वरुड, मोर्शी या भागांत संत्र्याच्या बागा मुलांच्या रोजच्या पाहण्यातील आहेत. झाडे बहुधा चौरस मांडणीने, दोन्ही बाजूंनी सारखे अंतर ठेवून लावलेली असतात. एका बागेत क्ष ओळी आहेत आणि प्रत्येक ओळीत क्ष झाडे आहेत, तर एकूण झाडे किती? क्ष × क्ष, म्हणजे क्ष². ‘वर्ग’ या शब्दाचा अर्थ येथे डोळ्यांना दिसतो.

आता अमरावतीच्या राजापेठेतील एखाद्या गोदामात संत्र्याच्या पेट्या रचल्या आहेत अशी कल्पना करण्यास सांगावे. एका थरात क्ष ओळी, प्रत्येक ओळीत क्ष पेट्या, आणि असे क्ष थर. एकूण पेट्या क्ष × क्ष × क्ष, म्हणजे क्ष³. थराचा हिशेब क्ष², ओळीचा हिशेब क्ष आणि एकट्या पेटीचा हिशेब १, हे चारही अंक त्याच ढिगात आहेत.

येथेच ३क्ष आणि क्ष³ यांतील भेद स्पष्ट करावा. क्ष म्हणजे ५ असेल तर ३क्ष म्हणजे तीन ओळी, अर्थात् १५ पेट्या. क्ष³ म्हणजे सगळा ढीग, अर्थात् १२५ पेट्या. पहिल्यात क्ष तीनदा मिळविला आहे, दुसऱ्यात तीनदा गुणिला आहे. हा भेद शब्दांनी दहा वेळा सांगण्यापेक्षा चिंचोक्यांनी एकदा मांडून दाखवावा.

नंतर प्रश्न करावा : क्ष³ ला निःशेष भाग जाईल अशा राशी कोणत्या? मुलांनी क्ष × क्ष × क्ष असे लिहून त्यांतील काही क्ष हाताने झाकावेत. एकही क्ष न घेता १, एक घेतला तर क्ष, दोन घेतले तर क्ष², तिन्ही घेतले तर क्ष³. असे चार विभाजक मिळतात. ८ म्हणजे २³; त्याचे विभाजकही १, २, ४ व ८ असे चारच. यावरून क्ष⁴ ला पाच, क्ष⁵ ला सहा, हा क्रम मुले स्वतःच सांगतील.

एखादा चौकस विद्यार्थी विचारील, ‘क्ष म्हणजे ४ असेल तर क्ष³ म्हणजे ६४ आणि त्याला तर २, ८, ३२ यांनीही भाग जातो, मग विभाजक चारच कसे?’ ही शंका टाळू नये. तिचे कौतुक करावे. २, ८ व ३२ हे विभाजक ४ या विशिष्ट संख्येच्या अंगचे आहेत. क्ष कोणतीही संख्या असली तरी जे विभाजक खात्रीने राहतात त्यांचाच विचार बीजगणितात होतो. बीजगणिताचे बळ या ‘कोणतीही’ शब्दात आहे.

दुसरी पायरी : दहाच्या घातांचा पूल

अंकगणितातून बीजगणितात जाण्यास एक सोपा पूल आपल्या संख्यालेखनातच आहे. एकं, दहं, शतं, सहस्र, दशसहस्र, लक्ष, दशलक्ष, कोटी, ही मालिका म्हणजे दहाच्या घातांचीच मालिका होय. शतं म्हणजे १०², सहस्र म्हणजे १०³, लक्ष म्हणजे १०⁵ आणि कोटी म्हणजे १०⁷.

फळ्यावर पुढील मांडणी करावी.

१०³ + १०² = १००० + १०० = ११०० = १०० × ११
१०⁴ + १०² = १०००० + १०० = १०१०० = १०० × १०१
१०⁵ + १०³ = १००००० + १००० = १०१००० = १००० × १०१

मग विचारावे : बेरजेच्या शेवटी किती शून्ये आली? पहिल्या व दुसऱ्या ओळीत दोन, तिसऱ्या ओळीत तीन. ती कोणत्या पदामुळे आली? लहान घाताच्या पदामुळे. मोठ्या पदाच्या शेवटी अधिक शून्ये असली तरी बेरजेच्या शेवटी लहान पदाच्या शून्यांइतकीच शून्ये राहतात. म्हणून दोन्ही पदांत सामाईक असलेला मोठ्यात मोठा घात म्हणजे दोहोंतील लहान घातांकाचा घात. ‘सामाईक म्हणून लहान घातांक घ्यावा’ हे वाक्य मुले पाठ करतात आणि गोंधळात मोठा घातांक घेऊन बसतात. शून्ये मोजलेला मुलगा असा गोंधळत नाही.

आता दहा पुसून त्या जागी क्ष लिहावा.

क्ष³ + क्ष² = क्ष² × (क्ष + १)
क्ष⁴ + क्ष² = क्ष² × (क्ष² + १)
क्ष⁵ + क्ष³ = क्ष³ × (क्ष² + १)

११ म्हणजे दहा अधिक एक, १०१ म्हणजे शंभर अधिक एक, हे पुन्हा म्हणवून घ्यावे. कंसातील ‘१’ कोठून आला हे मुलांना येथे उमगते. पुढे होणाऱ्या सर्वांत मोठ्या चुकीवरचा हा उपाय आधीच केलेला बरा.

तिसरी पायरी : सामाईक अवयव बाहेर काढणे

फळ्यावरील मांडणी येणेप्रमाणे असावी. उदाहरण : क्ष⁵ + क्ष².

क्ष⁵ = क्ष × क्ष × क्ष × क्ष × क्ष
क्ष² = क्ष × क्ष
दोहोंत सामाईक : क्ष × क्ष = क्ष²
पहिल्या पदात उरले : क्ष × क्ष × क्ष = क्ष³
दुसऱ्या पदात उरला : १
म्हणून क्ष⁵ + क्ष² = क्ष² (क्ष³ + १)

सामाईक क्ष रंगीत खडूने अधोरेखित करावेत. पहिल्या दिवशी प्रत्येक उदाहरण असे उलगडूनच लिहावयास लावावे. दुसऱ्या दिवशी ज्यांना नको असेल त्यांनी मधल्या ओळी गाळाव्यात. हे स्वातंत्र्य मुलांनी आपल्या वेगाने घ्यावे. शिक्षकाने घाई करू नये.

सहगुणक आले तरी रीत बदलत नाही. ६क्ष³ + ९क्ष² यात ६ व ९ यांचा मसावि ३, आणि घातांत सामाईक क्ष². म्हणून ३क्ष² (२क्ष + ३). संख्येचा भाग आणि अक्षराचा भाग वेगवेगळा पाहावा आणि मग एकत्र लिहावा. मुले जो मसावि पाचवी-सहावीत शिकली तोच येथे अक्षरांसह आला आहे, हे त्यांच्या निदर्शनास आणावे.

वजाबाकीच्या उदाहरणास पुन्हा बागेकडे जावे. क्ष ओळींच्या बागेतील एक संपूर्ण ओळ विहीर व पाटासाठी काढली. उरलेली झाडे क्ष² − क्ष. पण हीच झाडे दुसऱ्या रीतीने मोजली तर (क्ष − १) ओळी, प्रत्येकी क्ष झाडे; म्हणजे क्ष (क्ष − १). पंधरा ओळींची बाग असेल तर २२५ − १५ = २१० आणि १५ × १४ = २१०. एकच बाग दोन रीतींनी मोजली, उत्तर एकच आले. डाव्या बाजूची राशी वजाबाकी दाखविते, उजव्या बाजूची गुणाकार दाखविते. बाग मात्र तीच. ‘बरोबर’ या चिन्हाचा खरा अर्थ मुलांना अशा उदाहरणांतून कळतो.

चौथी पायरी : ठोकळ्यांचा प्रयोग

क्ष³ − क्ष याचे अवयव पाडताना क्ष (क्ष² − १) येथे बरीच मुले थांबतात. पुढची पायरी हातांनी करवून घ्यावी.

तीन-तीन ठोकळ्यांच्या तीन ओळींचा एक थर, असे तीन थर मुलांनी रचावेत. एकूण २७ ठोकळे. आता प्रत्येक थरातील एका कोपऱ्याचा ठोकळा काढून घ्यावा. तीन ठोकळे गेले, २४ उरले : ३³ − ३ = २४. प्रत्येक थरात ९ − १ = ८ ठोकळे राहिले. त्यांत दोन ओळी पूर्ण तीनच्या आणि एक ओळ दोनची आहे. ती दोनची ओळ उचलून उभी करावी व पूर्ण ओळींच्या शेजारी लावावी. आता थरात चार-चारच्या दोन ओळी झाल्या. तिन्ही थरांत असे केले की २ × ४ ठोकळ्यांचे तीन थर मिळतात : ३ × २ × ४ = २४.

मुलांना हे अंक क्रमाने लिहावयास सांगावे : २, ३, ४. मधला ३ हा क्ष. त्याच्या आधीचा क्ष − १ आणि नंतरचा क्ष + १. म्हणून

क्ष³ − क्ष = क्ष (क्ष² − १) = (क्ष − १) × क्ष × (क्ष + १)

चार ठोकळ्यांच्या घनाने हेच करावयाचे झाल्यास ६४ − ४ = ६० आणि ३ × ४ × ५ = ६०. तेवढे ठोकळे नसल्यास चौकटीच्या कागदावर एक थर काढून कात्रीने ओळ कापावी व शेजारी चिकटवावी.

या प्रयोगातून दोन वर्गांच्या वजाबाकीचे सूत्र आपोआप हाती येते. ज्या वर्गात ते सूत्र आधी झाले असेल तेथे प्रयोगाने त्याचा पडताळा होतो. झाले नसेल तेथे प्रयोग हाच त्याचा परिचय होतो.

ताळा

अवयव पाडण्याच्या कामात एक मोठी सोय आहे : उत्तर बरोबर आहे की नाही, हे मुलाला स्वतः पाहता येते. कंस सोडवून गुणाकार करावा. मूळ राशी परत आली तर उत्तर बरोबर. हाच खरा पडताळा.

याच्या जोडीला संख्या घालून पाहण्याची रीत शिकवावी. मात्र संख्येची निवड विचाराने करावी. ० व १ या संख्या येथे उपयोगाच्या नाहीत, कारण १ चा कोणताही घात १ च आणि ० चा ०. कोणी क्ष⁵ + क्ष² = क्ष² (क्ष² + १) असे चुकून लिहिले आणि क्ष = १ घातले, तर दोन्हीकडे २ येऊन चूक झाकली जाते. क्ष = २ घालताच एकीकडे ३६ व दुसरीकडे २० येतात. २ ही संख्याही क्वचित् फसविते, कारण दोन अधिक दोन आणि दोन गुणिले दोन यांची किंमत एकच आहे. म्हणून १० आणि आणखी एक संख्या, अशा दोहोंनी ताळा पाहावा. संख्यांनी केलेला ताळा चूक पकडतो. उत्तर बरोबर असल्याची सिद्धता मात्र गुणाकारानेच होते, हा विवेकही मुलांना द्यावा.

ताळा करण्याची सवय लागलेला विद्यार्थी ‘गुरुजी, बरोबर आहे का?’ असे विचारीत वही घेऊन रांगेत उभा राहत नाही. एकाच शिक्षकाकडे दोन-दोन वर्ग असलेल्या शाळेत या सवयीचे मोल विशेष आहे.

विद्यार्थ्यांच्या नेहमीच्या चुका

१. क्ष³ + क्ष² = क्ष⁵ असे लिहिणे. गुणाकाराचा नियम बेरजेस लावल्याने ही चूक होते. १० घालून पाहावे : एकीकडे अकराशे, दुसरीकडे एक लक्ष. अंतर पाहून मुले स्वतःच हसतात.

२. क्ष³ + क्ष = क्ष (क्ष²) असे लिहिणे. ‘क्ष बाहेर गेला, मग आत काय राहिले? काहीच नाही’ असा मुलांचा तर्क असतो. त्यांना ७ × ५ + ७ कडे न्यावे. पाच साते आणि आणखी एक सात, म्हणजे सहा साते : ७ × (५ + १). भागाकारात पदास त्याच पदाने भागले की १ उरतो, शून्य नव्हे.

३. क्ष⁵ − क्ष³ = क्ष (क्ष⁴ − क्ष²) येथे थांबणे. हे चूक नाही, अपुरे आहे. वहीवर फुली मारू नये. ‘कंसात अजून काही सामाईक आहे काय?’ एवढेच लिहावे. पूर्ण उत्तर क्ष³ (क्ष − १)(क्ष + १). क्ष = ३ घातल्यास २४३ − २७ = २१६ आणि २७ × २ × ४ = २१६.

४. क्ष² + १ = (क्ष + १)(क्ष + १) असे लिहिणे. क्ष = ३ घालावे : डावीकडे १०, उजवीकडे १६. मुलांना परिचित असलेल्या संख्या वापरून क्ष² + १ चे याहून लहान अवयव पडत नाहीत. मूळ संख्यांप्रमाणे काही राशीही आणखी फुटत नाहीत, हे सांगितल्याने मुलांचा शोध योग्य ठिकाणी थांबतो.

५. ऋण चिन्ह विसरणे. −क्ष² − क्ष = −क्ष (क्ष + १). ऋण अवयव बाहेर काढला की कंसातील प्रत्येक पदाचे चिन्ह पालटते.

परंपरेतील आधार

हा विषय परका नाही, हे मुलांना सांगण्यास आधार आहे. भास्कराचार्यांचा जन्म शके १०३६, म्हणजे इ. स. १११४ मधला. त्यांनी इ. स. ११५० मध्ये ‘सिद्धान्तशिरोमणि’ पूर्ण केला. ‘लीलावती’ व ‘बीजगणित’ हे त्याचेच भाग मानले जातात. त्यांच्या ग्रंथांच्या अध्ययनासाठी नातू चांगदेव याने मठ स्थापन केल्याचा शिलालेख चाळीसगावजवळील पाटण येथे आहे.

त्या बीजगणितात अव्यक्त राशीस ‘यावत्तावत्’ म्हणत आणि थोडक्यात ‘या’ लिहीत. एकाहून अधिक अव्यक्ते असली तर कालक, नीलक, पीतक, लोहितक अशी रंगांची नावे येत. यावत्तावत् चा वर्ग ‘याव’, घन ‘याघ’. चौथ्या घातास ‘वर्गवर्ग’, म्हणजे वर्गाचा वर्ग, आणि पाचव्या घातास ‘वर्गघनघात’, म्हणजे वर्ग व घन यांचा गुणाकार, अशी नावे होती. नाव उच्चारताच घात उलगडला जातो : क्ष⁴ = क्ष² × क्ष² आणि क्ष⁵ = क्ष² × क्ष³. घातांक वर लिहिण्याची आजची रीत देकार्त या फ्रेंच गणितज्ञाच्या इ. स. १६३७ च्या ग्रंथामुळे रूढ झाली. ती सुटसुटीत आहे. पण जुन्या नावांत अवयव उघडे दिसत, आजच्या चिन्हात ते झाकलेले असतात. म्हणूनच ते उलगडून दाखविण्याचे काम आता शिक्षकाकडे आले आहे.

वऱ्हाडातील शिक्षकांस अभिमान वाटावा असा आणखी एक दुवा आहे. भास्कराचार्यांच्या बीजगणितावर ‘बीजपल्लव’ ही टीका इ. स. १६०० च्या सुमारास कृष्ण दैवज्ञ यांनी लिहिली. त्यांचे घराणे विदर्भात पयोष्णीकाठच्या दधिग्रामचे. तेथून ते काशीस गेले. पयोष्णी म्हणजे आपली पूर्णा असे मानले जाते. नियम सांगून न थांबता प्रत्येक नियमाची उपपत्ती, म्हणजे ‘असे का’ याचे उत्तर देणे, हे त्या टीकेचे वैशिष्ट्य आहे. ऋण संख्येचा अर्थ उलगडताना कृष्ण दैवज्ञांनी उलट दिशेचा दाखला घेतला आहे. चारशे वर्षांपूर्वी या भूमीतील घराण्याने जी दृष्टी ठेवली, तीच आजच्या वर्गात हवी.

उपयोजन

अवयव पाडून काय साधते, हे मुलांना त्याच आठवड्यात दिसले पाहिजे.

(अ) तोंडी हिशेब. एका व्यापाऱ्याकडे प्रत्येकी ९९ संत्र्यांच्या ९९ पेट्या आणि वर सुटी ९९ संत्री आहेत, एकूण किती? ९९² + ९९ = ९९ × १०० = ९९००. तसेच ५⁴ − ५³ = ५³ × (५ − १) = १२५ × ४ = ५००.

(आ) विभाज्यता. क्ष² + क्ष = क्ष (क्ष + १). लागोपाठच्या दोन संख्यांत एक सम असतेच. म्हणून क्ष² + क्ष नेहमी सम. क्ष³ − क्ष म्हणजे लागोपाठच्या तीन संख्यांचा गुणाकार. त्यांत एक तरी सम असते आणि एक तीनच्या पाढ्यातील असते. म्हणून क्ष³ − क्ष ला नेहमी ६ ने भाग जातो. ७³ − ७ = ३३६ = ६ × ५६; १०³ − १० = ९९० = ६ × १६५. मुलांनी हवी ती पूर्ण संख्या घेऊन पाहावी. एकही अपवाद सापडणार नाही, आणि का सापडणार नाही हेही ती सांगू शकतील.

(इ) समीकरण. चौरस बागेतील झाडांची संख्या एका ओळीतील झाडांच्या बारा पट आहे : क्ष² = १२क्ष. दोन्ही बाजूंस क्ष ने भागून क्ष = १२ असे उत्तर मुले देतात. बागेपुरते ते खरे आहे. पण क्ष² − १२क्ष = ०, म्हणजे क्ष (क्ष − १२) = ० असे लिहिले की क्ष = ० हेही उत्तर दिसते. भागताना क्ष शून्य नाही असे मुलांनी न बोलता धरलेले असते, म्हणून एक उत्तर हरवते. अवयव पाडले तर काहीच हरवत नाही. बागेस शून्य ओळी नसतात, म्हणून ते उत्तर शेवटी सोडावे. पण समजून सोडणे आणि नकळत गमावणे यांत अंतर आहे.

सराव

अवयव पाडा व ताळा करा.
१. क्ष² + क्ष
२. क्ष⁴ − क्ष³
३. ३क्ष³ + ६क्ष²
४. क्ष⁶ + क्ष²
५. क्ष⁴ − क्ष²
६. क्ष⁵ − क्ष

उत्तरे : १. क्ष (क्ष + १). २. क्ष³ (क्ष − १). ३. ३क्ष² (क्ष + २). ४. क्ष² (क्ष⁴ + १). ५. क्ष² (क्ष − १)(क्ष + १). ६. क्ष (क्ष − १)(क्ष + १)(क्ष² + १).

सहावे उदाहरण सर्वांकडून अपेक्षू नये; ज्यास सुटेल त्याने फळ्यावर येऊन इतरांस समजावून द्यावे.

मूल्यमापन

पाठ संपल्यावर किती उदाहरणे सुटली यावरच समाधान मानू नये. प्रत्येक विद्यार्थ्यास एकच प्रश्न विचारावा : ‘क्ष³ + क्ष = क्ष (क्ष² + १) यातील १ कोठून आला?’ ज्याला हे आपल्या शब्दांत, आपल्या बोलीत सांगता येते, त्याला पाठ समजला. मग तो वऱ्हाडीत सांगो की पुस्तकी भाषेत. भाषेची दुरुस्ती त्या क्षणी करू नये. ज्याला सांगता येत नाही त्याच्या हाती पुन्हा चिंचोके द्यावेत, पाच साते व एक सात मांडून घ्यावेत आणि दुसऱ्या दिवशी तोच प्रश्न पुन्हा विचारावा. वर्गातील शेवटच्या बाकावरील मुलाने या प्रश्नाचे उत्तर दिल्यावरच पुढील घटकास हात घालावा.